पावाचा दोष ओळखणारे डॉ. डिके

मुंबई-पुण्यातील मोठ्या दुकानांत ओट्सचे दोन प्रकारचे डबे शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. एक साधा आणि दुसरा ग्लुटेनमुक्त असे छापलेला, अर्थातच अधिक महाग. ओट हे काही गहू नव्हे, मग त्याला हे वेगळे प्रशस्तिपत्र कशासाठी, असे ग्राहकाला वाटते. सिलिअ‍ॅक हा आजार ज्यांना आहे त्यांच्यासाठी मात्र हा प्रश्न किमतीचा नसून प्रकृतीचा आहे. त्याचा उगम शोधू गेल्यास वाट हॉलंडमधील हेग शहरातल्या एका बालरुग्णालयाकडे आणि तिथल्या विलेम-कारेल डिके या डॉक्टरांच्या कामाकडे जाते. गहू, राय आणि ओट ही धान्ये या आजारातील मुलांना सोसत नाहीत, हे १९५० मध्ये त्यांनी सप्रमाण मांडले. गहू आणि राय यांच्याबाबतचा त्यांचा निर्णय आजही अबाधित आहे. ओटचा खटला मात्र त्यांच्या मृत्यूला सहा दशके उलटून गेल्यावरही पुरता निकालात निघालेला नाही.

डिके यांचा जन्म १९०५ मध्ये डॉर्ड्रेख्त या नदीकाठच्या जुन्या शहरात झाला. १९२२ ते १९२९ या काळात त्यांनी लायडन येथे वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि त्यानंतर हेगच्या ज्युलियाना बालरुग्णालयात बालरोगशास्त्राचे प्रशिक्षण. १९३६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी, त्याच रुग्णालयाचे वैद्यकीय संचालकपद त्यांच्याकडे आले. पुढील वीसएक वर्षे त्यांची कर्मभूमी हीच राहिली. विद्यापीठाचे पद नाही, प्रयोगशाळेचा मोठा पसारा नाही. रोज समोर येणारी आजारी मुले आणि त्यांच्या वजनाच्या नोंदी, एवढेच भांडवल.

या मुलांमध्ये काही विशिष्ट प्रकारची असत. वर्ष-दीड वर्षाचे होईपर्यंत बरे असलेले मूल हळूहळू खंगू लागे. हातापायांच्या काड्या, पोट मात्र नगाऱ्यासारखे फुगलेले. शौचाला वारंवार, फिकट, तेलकट आणि अतिशय दुर्गंधीयुक्त. मूल किरकिरे होई, त्याची वाढ खुंटे, अन्नावरची वासना जाई. अनेक मुले दगावत. जगत त्यांची वाढ खुरटलेलीच राही. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य अरेटियस याने अशा विकाराचे वर्णन करून ठेवले होते आणि पोट या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच सिलिअ‍ॅक हे नाव रूढ झाले. आधुनिक वैद्यकात त्याची नीट ओळख करून दिली ती लंडनच्या डॉ. सॅम्युएल जी यांनी, १८८८ मध्ये. हे मूल बरे व्हायचे असेल तर ते आहारानेच होईल, हे जी यांनी अचूक ताडले होते. कोणत्या आहाराने, हे मात्र त्यांना सापडले नाही. गंमत अशी की त्यांनी निरुपद्रवी तांदूळ वर्ज्य सांगितला आणि दोन्ही बाजूंनी चांगला भाजलेला पातळ पाव चालेल असे म्हटले. त्यांच्याच एका रुग्णाला रोज मोठे माप भरून डच किनाऱ्यावरचे शिंपले खाऊ घातले तेव्हा ते मूल झपाट्याने सुधारले. शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा आजारी पडले. पुढच्या हंगामात त्याला कोणी शिंपले खायला लावू शकले नाही. त्या मुलाच्या पोटात शिंपल्यांच्या जागी दुसरे काय जात नव्हते, हा प्रश्न त्या वेळी कोणाला सुचला नाही.

डिके यांच्या तरुणपणी जगभर बोलबाला होता तो न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांच्या केळ्यांच्या आहाराचा. १९२४ मध्ये हास यांनी दहा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. केळ्यांवर ठेवलेली आठ मुले सुधारली, तो आहार न मिळालेली दोन दगावली. त्यांच्या आहारात पाव, बिस्किटे, बटाटे आणि सर्व धान्ये बंद असत. मुले खरोखरच सुधारत, आणि म्हणून श्रेय केळ्याला मिळाले. पिष्टमय पदार्थ पचत नाहीत, हे या आजाराचे मूळ आहे, असा समज त्यातून पक्का झाला. त्याचा तोटा असा की काही काळाने मूल बरे झाले असे समजून पुन्हा नेहमीच्या जेवणावर आणले जाई. हास १९६४ पर्यंत जगले, पण अखेरपर्यंत त्यांनी आपला सिद्धान्त सोडला नाही.

डिके यांनी वेगळ्या दिशेने विचार केव्हा सुरू केला? कुटुंबीयांच्या आठवणीनुसार १९३० च्या दशकाच्या मध्यात एका आईने त्यांना सांगितले की, तिच्या आजारी मुलाला पाव देणे थांबवले की त्याच्या अंगावरचे पुरळ चटकन ओसरते. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात आयांची अशी निरीक्षणे रोज कानावर पडतात आणि बहुतेक वेळा तिथेच विरून जातात. डिके यांनी ते लक्षात ठेवले. रुग्णालयातील मुलांना गव्हाविना ठेवून पाहिले, मग गहू देऊन पाहिले आणि प्रत्येकाच्या वजनाचा व उंचीचा आलेख वर्षानुवर्षे जपला. गहू बंद असताना रेघ वर चढे. मूल घरी जाऊन पाव खाऊ लागले की ती पुन्हा खाली वळे. त्यांची सारी मांडणी पुढे या आलेखांवर उभी राहिली.

१९४१ मध्ये त्यांनी डच वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटेखानी लेख लिहिला. जी आणि अमेरिकन डॉक्टर हर्टर यांच्या नावाने तेव्हा ओळखल्या जाणाऱ्या या विकारावर एक साधा आहार सुचवणे, एवढाच त्याचा विषय. हॉलंड त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात होते, शिधावाटप सुरू होते आणि समुद्रापलीकडची केळी मिळण्याची सोय उरली नव्हती. डिके यांनी सांगितले की पाव आणि रस्क बंद करावेत, दिवसातून दोनदा गरम जेवण द्यावे आणि तिसऱ्या वेळी गव्हाचे पीठ न घातलेली लापशी. जेमतेम दोन पानांच्या या लेखाकडे देशाबाहेर कोणाचे लक्ष जाण्याचा प्रश्नच नव्हता.

डिके यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली कथा त्यानंतरची आहे. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांच्या मदतीसाठी संप पुकारला. सूड म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारी अन्नाची वाहतूक रोखली. पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा आला. अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅम, हेग या शहरांत माणशी शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली गेला. लोकांनी साखरबीट शिजवून खाल्ले, ट्युलिपचे कंद खाल्ले. सुमारे वीस हजार माणसे त्या उपासमारीत मरण पावली. या हंगर विंटरमध्ये, भुकेच्या हिवाळ्यात, डिके यांच्या रुग्णालयातील सिलिअ‍ॅकची मुले मात्र पावाअभावी सुधारली आणि दोस्तांच्या विमानांनी अन्न टाकल्यावर पाव परतला तशी ती पुन्हा ढासळली. त्यातून डिके यांना साक्षात्कार झाला, असे सांगितले जाते.

गोष्ट नाट्यमय आहे आणि त्यामुळेच ती सर्वत्र उद्धृत होते. पण कालक्रम तिला साथ देत नाही. पावाविषयीचा संशय १९३० च्या दशकातला आणि लेख १९४१ चा. दुष्काळ आला तो त्यानंतर तीन वर्षांनी. त्या भीषण महिन्यांनी डिके यांची खात्री अधिक दृढ केली, इतकेच फार तर म्हणता येईल. एका आईचे बोलणे मनावर घेऊन दहा वर्षे आलेख काढत बसलेल्या डॉक्टरपेक्षा ट्युलिपच्या कंदांची कथा अधिक आकर्षक वाटते, हे खरे. पण डिके यांचे मोठेपण त्या कंटाळवाण्या दहा वर्षांत आहे.

युद्ध संपल्यावर त्यांच्यापुढे खरी अडचण पुराव्याची होती. वजन अनेक कारणांनी घटते-वाढते. पावाने नेमके काय बिघडते, हे आकड्यांत दाखवणे आवश्यक होते. येथे त्यांना दोन सहकारी लाभले. उट्रेख्त येथील जीवरसायनशास्त्रज्ञ फान डे कामर आणि त्याच शहरातील विल्हेल्मिना बालरुग्णालयाचे डॉ. वायर्स. फान डे कामर यांनी मळातील स्निग्धांश मोजण्याची जलद पद्धत शोधली, ती १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली. नमुना आधी वाळवत बसण्याची गरज तिने संपवली. काम किळसवाणे खरे, पण त्यामागचे तत्त्व स्वच्छ होते. मुलाने काही दिवसांत किती स्निग्धांश खाल्ला आणि त्यापैकी किती शरीराबाहेर टाकला, याचा हिशेब मांडला की आतड्याने किती शोषून घेतला हे कळते. निरोगी मूल नव्वद टक्क्यांहून अधिक भाग शोषते. सिलिअ‍ॅकच्या मुलांत हा आकडा बराच खाली घसरलेला असे.

मग एकेक धान्य तपासणीला घेण्यात आले. तांदळाचे पीठ, मक्याचे पीठ दिले की मुलाची भूक परत येई, शोषण सुधारे, तेलकट जुलाब थांबत. गव्हाचे पीठ दिले की काही दिवसांत सारे उलटे होई. सर्वांत महत्त्वाचा ठरला तो गव्हापासून वेगळ्या काढलेल्या स्टार्चचा प्रयोग. त्याने मुलांना काहीही झाले नाही. म्हणजे दोष पिष्टमय भागाचा नव्हता. जी आणि हास यांच्या काळापासून चालत आलेली कल्पना या एका निरीक्षणाने निकालात निघाली. बऱ्या होत असलेल्या मुलाला जाणूनबुजून पुन्हा बाधक धान्य देण्याच्या या प्रयोगांना आजची नीतिसमिती सहजासहजी परवानगी देणार नाही. परंतु त्याशिवाय पुढच्या पिढ्यांतील मुले वाचली नसती, हेही तितकेच खरे.

१९५० मध्ये डिके यांनी उट्रेख्त विद्यापीठाला डच भाषेत प्रबंध सादर केला. काही धान्यांचा सिलिअ‍ॅकच्या रुग्णांवर होणारा अनिष्ट परिणाम हा त्याचा विषय. बाधक धान्यांच्या यादीत गहू आणि राय यांच्याबरोबर ओटही होता. तांदूळ आणि मका निर्दोष ठरले. ओट वर्ज्य करणे ही साधी गोष्ट नव्हती. ओटची लापशी हा डच घरांतला सकाळचा नेहमीचा आहार; पाव बंद झालेल्या मुलाला आई स्वाभाविकपणे तीच देणार. तीही थांबवावी लागली. पुढे जव, म्हणजे बार्ली, या यादीत आली आणि चार धान्ये टाळण्याचा नियम जगभर रूढ झाला.

आपल्याकडे ही यादी उतरवून घेतली तर चित्र काहीसे वेगळे दिसते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी यांत ग्लुटेन नाही. त्यामुळे भाकरीवर वाढलेल्या घराला डिके यांचा आहार फारसा परका वाटणार नाही. पोळी, रवा, शेवया, मैद्याची बिस्किटे जातात हे कोणालाही समजते. फसवणूक होते ती अनेक घरांत गहू घालून केलेल्या थालीपिठाच्या भाजणीत, मेतकुटात आणि गव्हाचे पीठ मिसळून बांधलेल्या हिंगात.

डिके यांचा प्रबंध डच भाषेत असल्याने इंग्रजी वैद्यकविश्वाला त्याची जाण उशिरा आली. बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी हे प्रयोग पडताळून पाहिले. १९५२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांनी दाखवले की गव्हातील स्टार्च धुऊन टाकल्यावर मागे उरणारा चिकट प्रथिनांचा गोळा, म्हणजेच ग्लुटेन, हाच अपायकारक आहे. कणीक पाण्याखाली मळत राहिले की हाताला जो रबरासारखा लगदा लागतो, तोच हा. डिके, वायर्स आणि फान डे कामर यांचे इंग्रजी लेख १९५३ मध्ये आले. दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट सिद्ध केल्यामुळे शंकेला जागा उरली नाही. पुढे १९५४ मध्ये इंग्लंडमधील डॉ. पॉली यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांत अस्तराची हानी दाखवली आणि १९५६ मध्ये मार्गो शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा नमुना काढण्याचे तंत्र विकसित केले. अन्नरस शोषणारे बारीक, केसासारखे उंचवटे ग्लुटेनमुळे सपाट होतात आणि ते बंद केले की पुन्हा उगवतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. मोठ्या माणसांनाही हाच आजार होतो, हेही या तंत्रामुळे स्पष्ट झाले.

१९५७ मध्ये डिके हेग सोडून उट्रेख्तला गेले. तेथे प्राध्यापकपद आणि विल्हेल्मिना बालरुग्णालयाची धुरा अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्यावर आली. ती त्यांना फार काळ सांभाळता आली नाही. १९६२ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. डच पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांच्या नावाचे सुवर्णपदक सुरू केले. ज्या आजाराने मुलांचे बळी जात होते, तो त्यांच्या हयातीतच निव्वळ आहाराने आटोक्यात येणारा विकार झाला होता. ना औषध, ना शस्त्रक्रिया. वैद्यकाच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत, आणि तरीही डिके हे नाव डॉक्टरांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचले नाही.

ओटचा प्रश्न मात्र त्यांच्या मागे राहिला. १९५० च्या दशकातच काही ब्रिटिश डॉक्टरांना ओट खाणारी मुले ठीक असल्याचे आढळले होते. १९७४ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी चार रुग्णांना महिनाभर रोज ४० ते ६० ग्रॅम ओट देऊन आतड्याचे नमुने तपासले. हानी दिसली नाही. दोन वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासात बारांपैकी काही रुग्णांना त्रास झाला. रुग्णांचे गट इतके लहान होते की दोन्ही बाजूंना आपलेच खरे वाटत राहिले. कोंडी फोडली ती फिनलंडने. तेथील थंड हवेत ओट भरपूर पिकतो आणि लोक तो आवडीने खातात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनिश अभ्यासात ९२ प्रौढ रुग्ण होते. काहींची प्रकृती आहाराने स्थिरावलेली, काहींचा आजार नुकताच कळलेला. त्यांतील निम्म्यांनी रोज सुमारे ५० ग्रॅम ओट खाल्ला. सहा महिन्यांनी, तर काहींत वर्षाने तपासले असता दोन्ही गटांच्या आतड्यांत फरक आढळला नाही.

मग डिके यांची नोंद चुकली होती काय? तसे सरळ म्हणता येत नाही. ओट आणि गहू एकाच शेतात आलटून पालटून घेतले जातात, एकाच यंत्राने मळले जातात, एकाच गिरणीत दळले जातात. त्या काळच्या ओटमध्ये किती गहू मिसळलेला असेल, हे मोजण्याचे साधनच नव्हते. ही भेसळ काल्पनिक नाही. २००४ मध्ये अमेरिकेत तीन कंपन्यांच्या ओटचे बारा डबे तपासले गेले. त्यांपैकी नऊ डब्यांत ग्लुटेन दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले, एकात तर १८०० मिलिग्रॅमहून अधिक. दुसरे असे की ओटमध्ये अ‍ॅव्हेनिन नावाचे स्वतःचे प्रथिन असते. गव्हातील ग्लिआडिनचे ते दूरचे नातेवाईक. प्रमाण कमी आणि घडणही वेगळी, म्हणून बहुतेकांना ते सोसते. पण २००३ मध्ये नॉर्वेतील १९ रुग्णांना बारा आठवडे शुद्ध ओट दिला असता एका रुग्णाच्या आतड्याला खरोखर इजा झाली. तिच्या शरीरातील रोगप्रतिकारक पेशी थेट ओटवरच चवताळत होत्या, हे पुढच्या वर्षी सिद्ध झाले. अशा व्यक्ती थोड्या आहेत, पण आहेत.

यावरून सध्याचा वैद्यकीय सल्ला तयार झाला आहे. निदान झाल्याबरोबर ओट सुरू करू नये. ग्लुटेनमुक्त आहाराने प्रकृती आणि रक्ततपासण्या स्थिरावू द्याव्यात. त्यानंतर डॉक्टरांना विचारून, केवळ ग्लुटेनमुक्त असे प्रमाणित केलेलाच ओट, तोही थोड्या प्रमाणात घ्यावा. तंतुमय पदार्थ वाढल्याने सुरुवातीला पोट फुगते. तेवढ्यावरून घाबरू नये, पण त्रास टिकून राहिला तर तो बंद करून पुन्हा तपासणी करावी. थोडक्यात, धान्य द्यायचे, पाहायचे, काढून घ्यायचे आणि नोंद ठेवायची. ज्युलियाना रुग्णालयात चालत होते तेच.

कायद्याने मात्र देशोदेशी वेगवेगळी भूमिका घेतली आहे. युरोपीय संघाने २००९ च्या नियमांत ओटला सशर्त मोकळीक दिली. तो गहू, राय आणि जव यांच्यापासून अलग राखून पिकवलेला व दळलेला असावा आणि त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे. अमेरिकेनेही २०१३ मध्ये २० मिलिग्रॅमचीच मर्यादा स्वीकारली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मात्र ओट असलेल्या कोणत्याही पदार्थावर ग्लुटेनमुक्त असे छापता येत नाही. डिके यांनी १९५० मध्ये ओटला ज्या धान्यांच्या रांगेत बसवले, तिथेच तो त्या दोन देशांत अजूनही आहे.